दहा दिवसांची राखण

१

कागदोपत्री माझा हुद्दा 'मोकाट जनावरांवरील जमादार' असा आहे. गावात मला कुत्रेमार म्हणतात. समोर येसाजी जमादार आणि पाठ वळली की कुत्रेमार. एकोणीस वर्षं झाली, पंगतीत माझ्या शेजारचा पाट अजून रिकामाच असतो. त्याचं मला आता काही वाटत नाही, असं मी म्हणतो. वाटतं.

आमचं सावरबंदर आगरदांड्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. नगरपालिका लहान, पण थाट मोठ्या शहराचा. माझी कामं तीन. कुणाची गुरं दुसऱ्याच्या आगरात शिरली तर हाकून कोंडवाड्यात आणायची. वर्षातून दोनदा बेवारशी कुत्री मारायची. आणि कुत्रं कुणाला चावलं तर ते धरून कोंडवाड्याच्या खोलीत दहा दिवस साखळीला ठेवायचं आणि रोज बघायचं.

हे तिसरं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुत्रं पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांत मरतं. दहाव्या दिवशी ते जिवंत असेल तर चावलेल्या माणसाला भीती नाही. मधेच मेलं, कशानंही मेलं, तर त्या माणसानं मिळेल त्या पहिल्या बोटीनं मुंबई गाठायची आणि पोटात चौदा सुया घ्यायच्या. एकदा रोग उठला की सुयांचाही उपयोग नसतो. तसा एक माणूस मी मरताना पाहिला आहे. तहानेनं तळमळत होता आणि तांब्या पुढे केला की भिंतीला चिकटत होता.

तेव्हा 'कशानंही मेलं' हे शब्द मला पाठ होते. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे येसाजीला नियम ठाऊक नव्हता असं कुणी म्हणायला नको.

२

एकोणीसशे एकतीसचा वैशाख अर्धा सरला होता. धर्माजी तांडेलाची सून रंगू खळ्यावर जवळा पसरत होती, तेव्हा मागून एक कुत्रा आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही. पुरुषांनी त्याच्यावर जाळं टाकलं, आणि त्या जाळ्यासकट मी त्याला ओढत कोंडवाड्यात आणला. पिवळा, उजवा कान फाटलेला, कुणाचाच नसलेला कुत्रा.

रंगू जेमतेम वीस वर्षांची, सहावा महिना चालू. नवरा तुळशीराम दुसऱ्याच्या होडीवर वसईकडे गेलेला. कोळीवाड्यातल्या बाकीच्या बायका मला मासळी द्यायची झाली तर पानावर ठेवून मागे सरत. ही हातात देई आणि "काका, काटा बघून खा" म्हणे. एवढंच. पण एवढंसुद्धा दुसरं कुणी करत नव्हतं.

डॉक्टरांनी जखम डागली आणि दोन वाटा सांगितल्या. आजच्या बोटीनं जा, नाहीतर कुत्रा दहा दिवस जगतो का बघा. धर्माजीनं विचारलं, पोटात सुया म्हणजे नेमक्या कुठं. डॉक्टरांनी स्वतःच्या सदऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. रंगूनं दोन्ही हात पोटावर घेतले आणि खाली बघितलं. मग कुत्र्याची राखण करायचं ठरलं.

बोटीची अडचणही होतीच. मुंबईची बोट आठवड्यातून दोनदा आमच्या खाडीबाहेर थांबते. वैशाख सरला की बंद होते ती नारळी पौर्णिमेपर्यंत. पावसाळ्यात मुंबई गाठायची तर चार खाड्या तरीनं ओलांडायच्या आणि मधे चिखल तुडवायचा. पोटुशी बाई ते करत नाही. तरी दहा दिवस गेल्यावरही दोन बोटी हाताशी होत्या, म्हणून सगळे निश्चिंत होते.

रंगूची सासू सोनाबाई रोज सकाळी यायची. कोंडवाड्याच्या त्या खोलीला जाड लाकडी दार आहे आणि दाराखाली वीतभर फट, थाळी सरकवण्यासाठी. सोनाबाई फटीतून भात आणि मासळी आत सरकवायची, पण आत कधी डोकवायची नाही. तिची समजूत अशी, की आपल्या घरचा जीव ज्याच्या जिवावर टांगलाय त्याच्याकडे आशेनं बघितलं तर त्याला दृष्ट लागते. म्हणून ती दाराकडे पाठ करून उभी राहायची आणि मला विचारायची, "जमादार, कुत्रा हाय?"

मी आत बघून यायचो आणि सांगायचो, "हाय."

मग ती पदरानं तोंड पुसायची आणि घरी जायची.

३

पाचव्या दिवशी मी गावात दवंडी पिटायला गेलो होतो. उन्हाळी मोहीम दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडची कुत्री पावाला तोंड लावत नाहीत, त्यांना मासळीच लागते. म्हणून ताज्या बोंबलांची पोटं चिरून त्यांत कुचल्याचं विषारी सत्त्व भरायचं आणि एक दिवस वाळवायचे, ही माझी पद्धत. दरवर्षी ते मी माझ्या खोलीत, दाराला कडी लावून वाळवतो. त्या दिवशी खोलीत कोंदट झालं होतं. मला कंटाळा आला, आणि मी ते मागच्या पडवीतल्या वलांडीवर, मासळी वाळवायच्या आडव्या काठीवर, टाकले, जबड्यात जबडा अडकवून, गावातला प्रत्येक माणूस टाकतो तसे. 'आपापली कुत्री बांधून ठेवा, पडलेल्या मासळीला हात लावू नका' असं घसा फोडून सांगत मी चार तास गावभर फिरलो.

परत आलो तेव्हा दुपार टळत होती. कुत्रा मेला होता. चारी पाय ताठ, मान मागे खेचलेली. कुचल्यानं मेलेली कुत्री मी शेकड्यांनी पाहिली आहेत, मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. मी मागे जाऊन वलांडी बघितली. एक जोडी कमी होती.

कुणी घातले असतील ते मला तिथंच कळलं. आमच्याकडे दुसऱ्याच्या वलांडीवरची बोंबलांची जोडी काढून भुकेल्या कुत्र्याला टाकली तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. आणि त्या कुत्र्याचं पोट भरावं असं गावात एकाच बाईला वाटत होतं.

मी त्याच्या गळ्यातली साखळी काढून खुंटीला अडकवली. मागचे पाय सुंभानं आवळून बांधले आणि ओढत किनाऱ्यावर केवड्याच्या बनात नेला. त्या वेळी वाळू इतकी तापलेली असते की तिकडे कुणी फिरकत नाही. कमरेएवढा खड्डा खणला, त्याला पुरला आणि वर केवड्याची काटेरी पानं टाकली. खणताना मी स्वतःला समजावत होतो. हा पिसाळून मेला नाही, माझ्या विषानं मेला. विष नसतं तर दहा दिवस जगलाच असता. पाच दिवस चांगला खात होता, पीत होता. मग तो जिवंत आहे असं म्हटलं तर त्यात खोटं फार थोडं आहे. खरं सांगितलं तर त्या पोरीच्या पोटात चौदा सुया, सासूच्या डोक्यावर जन्मभराचा दोष, आणि माझी नोकरी. मी ही तीन कारणं याच क्रमानं मांडली. खरा क्रम उलटा होता.

४

सहाव्या दिवशी सकाळी सोनाबाई आली. थाळी फटीतून सरकवली, पाठ केली. विचारण्याआधी म्हणाली, "काल तुमच्या वलांडीवरची जोडी घातली त्याला. तुमी नव्हता. रागावू नका, आज माझ्याकडचं आनलंय." आणि मग, "कुत्रा हाय?"

मी आत गेल्यासारखं केलं, दार ओढून घेतलं आणि म्हणालो, "हाय."

आत माझ्या मागे साखळी वाजली.

सोनाबाईनं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. ती गेल्यावर मी खोली कोपऱ्याकोपऱ्यानं बघितली. रिकामी होती. साखळी खुंटीला होती. घूस असेल, असं मी म्हणालो. कोंडवाड्यात घुशी असतात. पण ही साखळी बैलाला घालायची, घूस ती हलवत नाही.

संध्याकाळी थाळी चाटूनपुसून स्वच्छ होती. तेही घुशीचंच काम म्हणून सोडून दिलं. पाण्याचं भांडं मात्र सकाळी भरलं होतं तसंच काठोकाठ होतं.

सातव्या दिवशी तेच झालं. 'हाय' म्हटलं आणि साखळी वाजली. आठव्या दिवशी मी एक करून बघितलं. सोनाबाईनं विचारलं आणि मी गप्प राहिलो. आत काही हललं नाही. बाहेर मोहिमेतून वाचलेली दोन गावठी कुत्री नेहमी बसत, ती उठून निघून गेली. सोनाबाईनं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज कापरा होता. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. त्या पाठीचं बघवेना म्हणून म्हणालो, "हाय." शब्द पुरा व्हायच्या आत साखळी खुंटीवरून उतरल्याचा आवाज आला, आणि मग ती जमिनीवरून माझ्या दिशेनं दारापर्यंत सरपटत आली.

त्या दिवशी मी दार उघडून आत बघितलं नाही. नवव्या दिवशीही नाही. पण सोनाबाईला उत्तर दिलं.

५

दहाव्या दिवसासाठी मी एक बेत केला होता. पहाटेच दार उघडून ठेवायचं आणि सांगायचं, की कुत्रा धडधाकट होता, माझ्या हातातून निसटला. पण ती माणसं ठरल्या वेळेच्या आधीच आली. धर्माजी, सोनाबाई, रंगू आणि दवाखान्याचे डॉक्टर. सोनाबाईनं तांदळाची भाकरी आणली होती, रंगूच्या हातानं कुत्र्याला घालायला.

डॉक्टर म्हणाले, "उघडा, येसाजी."

मी कडीला हात घातला. मला वाटलं, आता रिकामी खोली दिसेल आणि एकदाचं सुटेन. खरंच सांगतो, त्या क्षणी मला तेच हवं होतं.

दार उघडलं आणि कुत्रा बाहेर आला. पिवळा, उजवा कान फाटलेला. उन्हात येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी दुरून दोन चकरा मारून बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. रंगूनं भाकरी पुढे केली. त्यानं ती तोंडात घेतली आणि तशीच धरून ठेवली, चावली नाही. सगळे हसले. सोनाबाईनं दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले.

मी त्याच्या मागच्या पायांकडे बघत होतो. दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या वर, केस दबून बोटभर रुंद वळ पडला होता. सुंभाची गाठ मी तिथंच आवळली होती.

रंगू घराकडे निघाली तसा तो तिच्या मागून गेला. तोंडात भाकरी तशीच होती.

६

त्यानंतर तीन दिवस मी केवड्याच्या बनाकडे गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. खड्ड्यावरची पानं मी ठेवली तशीच होती, वाळूवर मुंगळ्यांशिवाय कुणाचा माग नव्हता. मी खणलं. कुत्रा खड्ड्यात होता. पायांना सुंभ होतं. वासानं मला दोनदा बाजूला जावं लागलं.

मग मी तिथंच बसून राहिलो आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तांडेलाच्या पडवीत जे बसलं होतं त्याची नव्हे. भीती अशी, की हा कुत्रा पिसाळलेला होता की नव्हता हे जगात कुणालाच ठाऊक नाही, आणि तो ज्या पोरीला चावला ती निर्धास्तपणे मासे सुकवते आहे. शेवटची बोट परवा होती.

मी त्याला गोणपाटात भरला आणि भर दुपारी धर्माजीच्या दारात गेलो. तो दुसरा कुत्रा उंबऱ्याशी पाय पसरून पडला होता. त्यानं मान उचलली नाही. मी सगळं सांगितलं. कुत्रा पाचव्या दिवशी मेला, मी पुरला, खोटं बोललो, रंगूला मुंबईला न्या. आणि तोंड उघडलंच होतं तर बोंबलांचंही सांगून टाकलं. सांगायला नको होतं.

सोनाबाई भिंतीला धरून खाली बसली. "माझ्या हातानं?" एवढंच म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला, आणि ती म्हणाली, "न्हाय. ह्यो काय बसलाय. कुत्रा हाय."

मी गोणपाट उघडलं. धर्माजीनं नाक न दाबता नीट वाकून बघितलं, समुद्रावरचा माणूस. कानाचं काही उरलं नव्हतं, पिवळे केस तेवढे होते.

"जमादार," तो शांतपणे म्हणाला, "तुमी वर्साला किती पुरता? पिवळी काय थोडी असतात? परवाच्या मोहिमेतला हाय ह्यो." मग म्हणाला, ऊन लागलंय तुम्हाला, आणि पोटुशी बाई घरात असताना असलं काही आणू नये.

एकोणीस वर्षांच्या नोकरीचा उपयोग झाला तो असा. गावात मेलेलं कुत्रं मी दाखवलं तर ते पुरावा होत नाही, ते माझं रोजचं काम असतं.

मी गोणपाट उचलून निघालो, तर रंगू माडाखाली वाट बघत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मनगटावरचा डाग ती दुसऱ्या हातानं चोळत होती.

"त्यो पाणी पीत न्हाय, काका," ती म्हणाली. "मी रोज ठेवते. रातच्याला माझ्या उशाशी बसतो. कुणाला सांगायचं, सासूबाई त्याला देव म्हणतात." मग तिनं विचारलं, "जावंच लागंल का मला?"

मी सांगितलं, परवाची बोट चुकवू नको. ती बरं म्हणाली.

७

शेवटच्या बोटीच्या दिवशी किनाऱ्यावर सगळं गाव असतं. बोट बाहेर उभी राहते आणि होड्या माणसं नेऊन घालतात. मी सकाळपासून तिथं होतो. रंगू आली, डोक्यावर गाठोडं, बरोबर तिची विधवा मावशी काशी. पोरीनं सासऱ्याशी काय भांडण केलं असेल ते तिलाच ठाऊक, पण धर्माजी स्वतः होडी धरून उभा होता. त्याचं मन डळमळलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आमचे सेक्रेटरीसाहेब त्याच बोटीनं मुंबईला जाणार होते. त्यांना पोचवायला डॉक्टर आले होते. दोघं छत्र्या उघडून होडीजवळ उभे होते.

रंगूनं एक पाय होडीत टाकला तेवढ्यात मागून सोनाबाई आली. धावत आली नाही, चालत आली. तिच्या पायांशी तो होता. ती रागावली नव्हती. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली, "बाय, कुठं जातेस? बघ, कुत्रा हाय." लोक बघू लागले. बायका म्हणाल्या, एवढा जीव लावलेलं जनावर, पोटुशीनं असं का निघावं.

साहेबांनी मला हाक मारली. "काय भानगड आहे, येसाजी? कुत्रा दहा दिवस जगला असा तुमचा रिपोर्ट आहे ना?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, कारण खाली त्यांचीही सही होती. मला पडवीतली उघडी वलांडी दिसली, तुरुंग दिसला. सोनाबाई दिसली, तिचे ओठ आवळलेले होते आणि डोळे मला विनवत होते.

रंगू एक पाय पाण्यात, एक होडीत अशी उभी होती. ती सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली, "काका, तुमी सांगा. तुमी म्हणाल ते मी करीन. कुत्रा हाय का न्हाय?"

तो वाळूत बसला होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बघत होता. मी हे त्याच्यावर ढकललं असतं. माझी जीभ दुसऱ्या कुणी हलवली असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला तेच पटलं असतं. पण तसं नव्हतं. जीभ माझीच होती आणि मला दोन्ही शब्द येत होते.

"हाय," मी म्हणालो.

त्यानं वाळूवर एकदा शेपूट आपटलं.

रंगूनं होडीतला पाय काढून घेतला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते अजून सोसत नाही. बरं, एवढंच ती म्हणाली. काशीनं गाठोडं उचललं आणि सगळे परत फिरले.

८

रंगू आषाढात गेली. आधी डाग खाजू लागला, मग पेजेची वाटी बघून ती ओरडली. तीन दिवस लागले. पोटातलंही गेलं. पोटुशी गेली म्हणून तिला जाळली नाही, पुरली. मी अंगणात उभा होतो, आत जायची माझी छाती झाली नाही. तुळशीराम पावसातून चालत आला तो चौथ्या दिवशी. कुत्रा कुणालाच पुन्हा दिसला नाही, आणि त्याची आठवणही कुणी काढली नाही. माझ्याकडे कुणी आलं नाही, काही विचारलं नाही. साहेबांनी परत आल्यावर माझ्या कामाबद्दल एक चांगला शेरा लिहिला.

श्रावणात गुरं फार मोकाट सुटतात. एका दुपारी मी चार म्हशी हाकत कोंडवाड्याकडे आलो. पाऊस उघडला होता. म्हशी फाटकाशी अडून उभ्या राहिल्या, मारलं तरी आत येईनात. आत सोनाबाई त्या खोलीच्या दाराशी उकिडवी बसलेली होती. वैशाखापासून खोली रिकामी होती, दाराला माझं कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

तिच्यासमोर थाळी होती. भात आणि कोळंबीचं कालवण. तिनं थाळी फटीतून अर्धी सरकवली, पाठ केली, स्वतःच स्वतःला विचारल्यासारखं काहीतरी पुटपुटली आणि स्वतःच म्हणाली, "हाय."

थाळी आतल्या बाजूनं हळूच ओढली गेली.

मी जवळ गेलो. सोनाबाई माझ्याकडे बघून हसली. तिच्या तोंडावर इतकं समाधान मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाली, बारा दिवस झाले, मी रोज येते. आधी पोर जेवत नव्हती, आता जेवते. पाणी तेवढं नको म्हणते. मग माझ्या धोतराला धरून म्हणाली, "माझ्या म्हणण्यानं नुसता हात काढते. तुमचा शब्द खरा होतो, जमादार. तुमी एकदा म्हणा, म्हंजे ती भाईर येईल."

फटीत थाळीच्या काठावर चार बोटं होती. मनगटापर्यंत हात दिसत होता. त्यावर हिरव्या बांगड्या होत्या, आणि हात मातीनं भरला होता. बोटं भात चाचपत होती. माझा शब्द ऐकायचा असल्यासारखी ती थांबली.

 म्हणणं सोपं होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, तोंडाला सवय झालेली. सोनाबाई वाट बघत होती आणि दाराच्या आतही कुणीतरी श्वास न घेता वाट बघत होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "रंगू न्हाय, सोनाबाई. ती मेली."

बोटं क्षणभर तशीच राहिली. मग ती एकेक करून थाळीवरून सुटली आणि हात मागे गेला, घाई न करता, बांगड्या दाराच्या लाकडाला घासत. आत कुणीतरी जमिनीवर आडवं झाल्याचा आवाज आला. मग म्हशी आपण होऊन फाटकातून आत आल्या.

सोनाबाई रडली नाही. तिनं थाळी बाहेर ओढली आणि उरलेला भात एका बाजूला सारला. मग उठली, पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता खरं बोललात व्हय," ती म्हणाली. "आता."